टोळी निघण्याआधी शाळेने बोलावं

प्रति,
अध्यक्ष व सर्व सदस्य, शाळा व्यवस्थापन समिती,
आणि सर्व मुख्याध्यापक,
बीड जिल्हा

सप्रेम नमस्कार.

ऑगस्टच्या पालकसभेत एक पालक उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, शाळेनं गणित-विज्ञान शिकवावं, दहावीचा निकाल लावावा. पोरींची लग्नं, जातपात, हे गावचं गाव बघून घेईल. शाळेनं कशाला त्यात पडायचं?" सभेत बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. समितीतल्या काहींनीही. पोषण आहाराचा हिशेब आणि गणवेशाचा विषय बाकी होता, म्हणून त्या दिवशी चर्चा पुढे गेली नाही. मला मात्र त्यांना उत्तर द्यायचं आहे. ते एका शाळेपुरतं न ठेवता जिल्ह्यातल्या सगळ्याच समित्यांना लिहिते आहे, कारण हा प्रश्न थोड्याफार फरकाने प्रत्येक शाळेत विचारला जातो आणि बहुतेक ठिकाणी आपण शिक्षक गप्प बसतो.

शाळेने शिकवावं, हे त्या पालकांचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. पण शिकवायला मूल वर्गात असावं लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, २० ते २४ वयाच्या स्त्रियांना त्यांचं लग्न कितव्या वर्षी झालं हे विचारलं होतं. अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के निघालं. आपल्या बीडमध्ये ४३.७ टक्के, शेजारच्या परभणीत ४८ टक्के. हे आकडे आपल्याला वर्तमानपत्रातून कळायची गरज नाही, ते हजेरीपटावर दिसतात. सातवीच्या आणि दहावीच्या मुलींची नावं शेजारी शेजारी ठेवून बघा. मधली नावं कुठे गेली, ते गावात प्रत्येकाला माहीत असतं आणि शाळेत कुणी विचारत नाही. मुलगी सलग गैरहजर असते, मग नाव "स्थलांतरित" म्हणून लागतं, आणि विषय संपतो.

म्हणून मला "अभ्यास की सामाजिक प्रश्न" ही वाटणीच पटत नाही. पुण्या-मुंबईच्या एखाद्या शाळेत तो वादाचा विषय असेल. आपल्याकडे सामाजिक प्रश्नच ठरवतो की बाकावर कोण बसणार.

गेल्या वर्षी आठवीच्या वर्गात मी शेकडेवारी आणि नफा-तोट्याची उदाहरणं घेत होते. पुस्तकातला दुकानदार आणि त्याची सूट यात कुणाला रस नव्हता. मग मी फळ्यावर उचल लिहिली, म्हणजे ऊसतोडीच्या टोळीत जाण्याआधी मुकादमाकडून, टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, घेतलेले आगाऊ पैसे. एका कोयत्याची, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीची, उचल एक लाख रुपये. तोडणीचा दर, जानेवारी २०२४ च्या वाढीनंतरचा, टनाला ३६६ रुपये. नवरा-बायको मिळून दिवसाला दोन टन तोडतात असं धरू. वर्गातली अर्धीअधिक मुलं टोळीतली, त्यांनी लगेच हरकत घेतली. ऊस पडलेला असला तर दोन टन होत नाही, गाडी वेळेवर आली नाही तर होत नाही. बरोबर आहे म्हटलं, तरी दोनच धरू. दिवसाचे झाले ७३२ रुपये. लाख फिटायला २७३ टनांच्या वर तोडणी, म्हणजे १३७ दिवस. आता कारखाना शंभर दिवसांत बंद झाला तर? ७३ हजार २०० फिटले, २६ हजार ८०० अंगावर राहिले. एका मुलाने विचारलं, "आणि खाडे?" आजारपणाचे खाडे धरले तर आकडा आणखी वाढतो. मुकादमाची बाकी पुढच्या हंगामावर जाते, आणि पुढच्या वर्षीची उचल त्या बाकीतून सुरू होते.

त्या तासाला कुणी खिडकीबाहेर बघितलं नाही. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, एकट्याचा अर्धा कोयता. लग्न झालं की पूर्ण. म्हणून दादाचं लग्न करायचंय या वर्षी." दादा किती वर्षांचा, मी विचारलं. अठरा. आणि होणारी वहिनी? ती काही बोलली नाही. वर्गातल्या सगळ्यांना उत्तर माहीत होतं.

हा गणिताचाच तास होता. शेकडेवारी त्या दिवशी जितकी पक्की झाली तितकी पुस्तकातल्या दुकानदाराने कधी झाली नसती. सामाजिक प्रश्न घेतला की अभ्यास बुडतो, असं म्हणणाऱ्यांनी असा एखादा तास बघायला यावं. विज्ञानात प्रजनन संस्थेचा धडा आपण "घरी वाचून या" म्हणून उरकतो. तोच धडा नीट घेतला तर सोळाव्या वर्षीचं बाळंतपण का धोक्याचं असतं, हे वेगळं सांगावं लागत नाही. इतिहासात शारदा कायद्याचं १९२९ हे साल पाठ करून घेतो. त्याच्या कितीतरी आधी, १८८० च्या दशकात, अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या रखमाबाईंनी नांदायला जायला नकार दिला, मुंबईच्या कोर्टात उभ्या राहिल्या आणि पुढे डॉक्टर झाल्या. हे आमच्या मुलींनी ऐकलं तर सनावळी आपोआप लक्षात राहील. मी नवीन विषय मागत नाही, वेगळी तासिका मागत नाही. आहेत ते विषय आपल्या गावापर्यंत आणायची मोकळीक मागते आहे.

मुलांना एवढ्या मोठ्या गोष्टी झेपत नाहीत, असंही सभेत कुणी म्हणालं. १८५५ साली पुण्यात फुले पती-पत्नींच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो "ज्ञानोदय"मध्ये छापून आला. तेव्हा ती जेमतेम आपल्या आठवी-नववीच्या मुलींएवढी होती. मुलींच्या शिक्षणाची सुरुवात आपल्या भाषेत अशी झाली. तेव्हाही शाळेने फक्त अक्षरओळख करून द्यावी, असं म्हणणारे होतेच.

आता आपण जे करतो त्याबद्दल. बालविवाहविरोधी दिन आला की प्रभातफेरी निघते, मुली हातात फलक धरतात, घोषवाक्यं होतात, निबंधस्पर्धा होते, फोटो केंद्राच्या ग्रुपवर जातात. फेरी ज्या गल्लीतून जाते त्याच गल्लीत त्याच महिन्यात काढीव मुहूर्तावर लग्न लागतं आणि फलक धरणारी त्या लग्नात करवली असते. मी कुणाला दोष देत नाही, वरून पत्र येतं आणि संध्याकाळपर्यंत अहवाल मागितला जातो. पण याला सामाजिक प्रश्न हाताळणं म्हणता येणार नाही, आणि पालकांचा विश्वास उडायला हेही एक कारण आहे. ज्या कामाने काहीच बदलत नाही त्यासाठी तास का बुडवायचा, हा त्यांचा सवाल रास्त आहे. याच जिल्ह्यात २००९ साली मूल्यवर्धनाचा उपक्रम शेकडो शाळांत सुरू झाला होता. मुलांनी जोडीत बसावं, एकमेकांचं ऐकावं, आपलं मत मांडावं, अशी त्याची रीत. मुलं बोलती होतात हे तेव्हा दिसलं. बोलती झालेली मुलगी घरात "मला अजून शिकायचंय" हे वाक्य उच्चारू शकते. बऱ्याच वेळा लग्न थांबायला किंवा निदान लांबायला सुरुवात तिथूनच होते.

शाळेने या भानगडीत पडू नये असं म्हणणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. शाळा त्यात आधीपासूनच आहे. बालविवाहाची तक्रार झाली की मुलीच्या वयाचा पुरावा कुठून येतो? शाळेच्या जनरल रजिस्टरमधून. ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, हेच गावातले बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, आणि ते मुख्याध्यापकांकडे प्रवेश निर्गम उतारा मागतात. त्या एका कागदावर लग्न थांबतं किंवा लागतं. दुसऱ्या बाजूने, वर्षाच्या मध्येच एखादे वडील येऊन नववीतल्या मुलीचा दाखला मागतात. कारण विचारलं तर "मामाच्या गावाला शिकायला ठेवायचीय" म्हणतात. त्या मामाच्या गावातल्या शाळेतून मागणीपत्र आलेलं नसतं. आपण मुकाट्याने दाखला लिहून देतो. त्या क्षणी तरी शाळा तटस्थ होती, असं मला म्हणता येत नाही.

पालकांना खलनायक ठरवायला मी हे पत्र लिहीत नाही. टोळीत जाणाऱ्या आईच्या जागी स्वतःला ठेवून बघा. दसरा-दिवाळीला निघायचं, होळी-पाडव्याला परतायचं. पाच महिने चौदा-पंधरा वर्षांची मुलगी कुणाच्या जिवावर ठेवायची? म्हातारी आजी सोबत, घराला धड कडी नाही, गावात कोण कसा आहे ते माहीत. बरोबर न्यावी तर फडात कोपीत, म्हणजे झोपडीत, राहायचं, पहाटे आई-बाप तोडणीला गेले की ती एकटी, धाकट्यांना सांभाळत. संडास नाही, आडोसा नाही. त्यात उशीर झाला तर हुंडा वाढणार, हे वेगळंच. अशा आईला लग्न म्हणजे मुलगी सुरक्षित हातात देणं वाटतं. तिला "कायद्याने गुन्हा आहे" एवढंच सांगून शाळा मोकळी झाली तर ती आई शाळेचं का ऐकेल?

तिला ठोस काहीतरी द्यावं लागेल. हंगामी वसतिगृह शाळा व्यवस्थापन समितीमार्फतच चालतं. किती मुलं गावात थांबणार, याची यादी टोळी निघण्याच्या आधी तयार झाली तर ते वेळेवर सुरू होतं. आपल्याकडे यादी होते टोळी गेल्यावर, तोवर मुलंही गेलेली असतात. मोठ्या मुलींच्या राहण्याची सोय हा त्याहून अवघड भाग आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर झाली, ४१ तालुक्यांत मुलांचं एक, मुलींचं एक, अशी ८२ वसतिगृहं. आपल्या तालुक्यातलं कुठे आहे, त्यात किती जागा रिकाम्या आहेत, प्रवेशाचा अर्ज कुठे मिळतो, हे किती समित्यांना सांगता येईल? मानव विकास कार्यक्रमातून मुलींसाठी धावणाऱ्या बसची वेळ शाळा सुटण्याशी जुळते का? अहिल्याबाई होळकर योजनेचा एसटीचा मोफत पास प्रत्येक मुलीकडे आहे का? आठवीनंतर हायस्कूल दुसऱ्या गावात असेल आणि संध्याकाळची बस चुकली तर मुलगी अंधारात चालत येत असेल, तर पुढच्या वर्षी तिचं शिक्षण थांबणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. या गोष्टी बघणं हेही सामाजिक प्रश्नावरचंच काम आहे. भाषणांपेक्षा मला त्याची किंमत जास्त वाटते.

आता शिक्षकांच्या भीतीबद्दल उघड बोलू. मुलगी येऊन सांगते, किंवा तिची मैत्रीण सांगते, की रविवारी पाहुणे आले होते, सुपारी फुटली. त्या शिक्षिकेने काय करायचं? तिला याच गावात रोज यायचं असतं. फोन केला तर उद्या बसस्टँडवर चार जण अडवतील, बदलीसाठी निवेदनं जातील, नको त्या अफवा उठतील. असं घडताना मी पाहिलं आहे. त्यामुळे ती ऐकून न ऐकल्यासारखं करते आणि रात्री झोपत नाही. १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करणाऱ्याचं नाव गुप्त ठेवलं जातं, पण गाव लहान असतं, अंदाज बांधायला वेळ लागत नाही. म्हणून कळवण्याची जबाबदारी एकट्या शिक्षकावर असता कामा नये. २०२२ च्या शासन निर्णयाने प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती करायला सांगितलं आहे आणि बालविवाह होऊ नयेत म्हणून दक्षता घेणं हे तिचं एक काम आहे. बहुतेक शाळांत ती समिती एका फलकावर नावांच्या यादीपुरती आहे. माहिती समितीकडे यावी, निर्णय समितीचा असावा, कळवलं तर समितीने कळवलं असं असावं. आणि दुसऱ्या दिवशी शिक्षिकेला कुणी काही बोललं तर अध्यक्षांनी तिच्या बाजूला उभं राहावं. एवढा आधार मिळाला तर जिल्ह्यातल्या कितीतरी शिक्षिका बोलायला तयार आहेत.

पोलीस येण्याच्या आधीही बरंच करता येतं, हेही सांगते. सुपारी फुटल्यावर लग्न मोडणं गावात फार जड जातं, नाक जातं. सुपारीच्या आधी घरी जाऊन बोललं, मुलीचे मार्क दाखवले, आजीला विश्वासात घेतलं, तर पुष्कळदा दोन वर्षं मिळतात. दोन वर्षांत दहावी होते.

समितीतल्या भगिनींनो, हे तुमच्यासाठी. शिक्षण हक्क कायद्याने समितीत पाऊण सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया ठेवल्या, ते काही विचार करूनच. बैठकीला तुमच्याऐवजी घरातले पुरुष येतात आणि तुमची सही घरी जाऊन घेतली जाते, हे आपण सगळे जाणतो. तुमच्यापैकी कितीतरी जणींची लग्नं तेराव्या-चौदाव्या वर्षी झाली, हेही आपण जाणतो. एखाद्या आईला घरी जाऊन समजवायचं असेल तर माझ्या बीएडच्या पदवीपेक्षा तुमच्या शब्दाला तिथे वजन आहे. कृपा करून बैठकीला स्वतः या.

मुलांबद्दल आपण फारच कमी बोलतो. मुलाचं लग्नाचं वय एकवीस आहे हे नववी-दहावीच्या मुलांना माहीतच नसतं. पंधरा-सोळाच्या मुलीशी लग्न केलं तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागू शकतो, हेही कुणी सांगितलेलं नसतं. एकोणिसाव्या वर्षी नवरदेव झालेला आपला माजी विद्यार्थी वर्षभरात बायकोला दवाखान्यात नेतो, डॉक्टर तिचं वय विचारतात, कळवणं त्यांना कायद्याने बंधनकारक असतं, आणि मग घरादाराची धावपळ होते. त्याला हे आपण आठवीत सांगितलं असतं तर निदान त्याने घरात एकदा तरी नाही म्हटलं असतं.

मर्यादा कुठे, हा प्रश्न येणारच, आणि यायला हवा. शाळेत पक्षाचा प्रचार नको, कुठल्या नेत्याची बाजू नको, कुणाच्या देवाधर्माची टिंगल नको. २०२३ पासून आपल्या जिल्ह्यात आरक्षणावरून जातीजातींत जी तेढ वाढली ती वर्गापर्यंत आली आहे. आधी एका बाकावर बसणारी मुलं आता वेगळी बसतात, मोबाईलवरचे स्टेटस एकमेकांना दाखवून डिवचतात. शिक्षकाने आरक्षणावर स्वतःचं मत सांगायची गरज नाही, सांगूही नये. पण मुलं वेगळी बसलेली दिसत असताना संविधानाची उद्देशिका रोज परिपाठात म्हणून घ्यायची आणि "बंधुता" या शब्दावर न थांबता पुढे जायचं, हे मला जमत नाही. मी बाकांची रचना बदलते आणि का बदलली ते मुलांना सांगते. यावर कुणाची हरकत असेल तर समितीत जरूर मांडावी, मी उत्तर देईन.

वेळेचं काय, हे मुख्याध्यापक विचारतील. खरं आहे. ॲपवरची माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, सर्वेक्षणं, मतदार यादीचं काम, या सगळ्यात शिकवायला मिळतो तो वेळ आधीच तोकडा आहे. म्हणून या कामासाठी नवीन नोंदवही, नवीन अहवाल, फोटो मागू नका. यातलं निम्मं काम आहे त्या तासांत बसतं. उरलेलं समितीच्या बैठकीत बसतं.

आणि ज्यांचं लग्न झालं त्या मुलींना विसरू नका. मंगळसूत्र घालून शाळेत कशी येणार, बाकीच्या मुली बिघडतील, असं आपल्यातलेच काही शिक्षक म्हणतात. लग्न झालं म्हणून शिक्षण हक्क कायदा तिचं नाव काढायला सांगत नाही. तिला वर्गात बसू द्या. शाळा सुटली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं, हे तिच्या सासरी जाऊन सांगा. बालविवाह रद्द करून घ्यायचा असेल तर कायद्याने सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत, म्हणजे विसाव्या वर्षापर्यंत, तिला न्यायालयात अर्ज करता येतो. हे आपल्या किती माजी विद्यार्थिनींना माहीत असेल?

मुकादमांच्या उचली वाटून झाल्या आहेत, दसऱ्यानंतर गाड्या भरायला लागतील. त्याआधी प्रत्येक समितीने एक बैठक फक्त याच विषयावर घ्यावी, ही माझी विनंती आहे. त्या बैठकीत कोणती मुलं गावात थांबणार आणि कोणती जाणार याची नावानिशी यादी व्हावी, वसतिगृहाची मागणी त्याच दिवशी केंद्रप्रमुखांकडे जावी. सहावी ते दहावीच्या प्रत्येक मुलीच्या घरी समितीतली एक बाई आणि एक शिक्षिका जाऊन यावी. मागणीपत्राशिवाय वर्षाच्या मध्ये मुलीचा दाखला द्यायचा नाही, आधी घरी जाऊन चौकशी करायची, असा ठराव इतिवृत्तात लिहावा, म्हणजे मुख्याध्यापकांना दबावाखाली सही करावी लागणार नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने तो इतर गावांपुढे ठेवला. आपल्या ग्रामसभेतही अठराच्या आतलं लग्न गावात लागणार नाही, असा ठराव होऊ शकतो. मांडणारा समितीचा सदस्य असला तर तो होण्याची शक्यता जास्त.

उचलीच्या गणिताचा तो पाठ मी लिहून ठेवला आहे. ज्या शाळेला हवा असेल तिला पाठवते, आकडे आपापल्या टोळीप्रमाणे बदलून घ्यावेत. सभेत प्रश्न विचारणाऱ्या त्या पालकांनाही माझं आग्रहाचं बोलावणं आहे. त्यांची मुलगी सातवीत आहे, गणितात चांगली आहे. पुढच्या आठवड्यात तिच्या वर्गात हाच पाठ घेणार आहे. त्यांनी मागच्या बाकावर येऊन बसावं.

आपली,
एक शिक्षिका,
बीड जिल्हा